निळ्या स्क्रीनचे दहा सेकंद

करामा, दुबई
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सा. न. इथे सगळे मजेत, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. वहिनीला नमस्कार, श्रियाला खूप प्रेम. पत्र टाइप केलंय म्हणून रागावू नकोस. हल्ली ऑफिसात कामच फार.

अंश दहावीला गेला. मराठीत काहीही विचारलं तरी "फाइन, मम्मा" एवढंच. रुपेशचं शारजातलं वर्कशॉप बरं चाललंय.

विंडोजऐवजी वापरायच्या फुकटच्या लिनक्सचं माझं खूळ तुला ठाऊक आहे. शनिवारी जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका हॉलमध्ये आम्ही लोकांना लॅपटॉपवर लिनक्स बसवायला मदत करतो. ते बसवून देणाऱ्या प्रोग्रॅमवर, म्हणजे इन्स्टॉलरवर, मी फावल्या वेळात काम करते. त्यात नवख्यांना एक जागा फार छळते. सिक्युअर बूट म्हणजे कॉम्प्युटरचा वॉचमन; ओळखीची सही असेल त्यालाच आत सोडतो. वायफायच्या ड्रायव्हरची नवी ओळख करून द्यायची तर रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते आणि दहा सेकंदांत बटण दाबावं लागतं. हुकलं की वायफाय नाही. लोक वैतागून वॉचमनलाच घरी पाठवतात.

जूनमध्ये तय्यबचाचा आले, रिटायर्ड ड्राफ्ट्समन. ते चष्मा शोधेपर्यंत स्क्रीन गेली. मी हसून म्हटलं, "चाचा, मैं करती हूँ." पुन्हा सगळं केलं. स्क्रीन आली. बोट बटणावर होतं, पण दाबलंच जाईना. आकडे उतरत गेले आणि मी बघत राहिले.

"बेटा, हाथ को क्या हुआ?"

"सो गया होगा."

"कब से?"

कित्येक महिने अंशच्या डब्याचं झाकण रुपेश लावत होता.

तेव्हा कामाचं मघाशी खोटंच लिहिलं, दादा. उजव्या हाताने मला आता पेन धरता येत नाही.

इन्स्टॉलर मात्र बदलून घेतला. पुढे निळी स्क्रीन येणार, तिथे काय निवडायचं, हे तो आता आधीच साध्या भाषेत सांगतो. आणि ती स्क्रीन बटण दाबेपर्यंत थांबते. टीममधल्या एकाने विचारलं होतं, दहा सेकंद कुणाला पुरत नाहीत? डाव्या हाताने उत्तर टाइप केलं, "मला." गेल्या महिन्यात चाचांनी स्वतः सगळं बसवून फोटो पाठवला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

नसांचा आजार आहे. स्नायू एकेक करून निकामी होत जातात. औषधाने वेग जरा कमी होतो, बाकी खलास. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी बाबांचं सांगितलं. हातातून कप सुटायचा, मग जीभ जड झाली. तेव्हा अर्धांगवायू म्हणाले, आपण मानलं. गेले तेव्हा बाबा फक्त त्रेपन्नाचे होते रे.

माझ्या रक्ताची तपासणी झाली. हे बाबांकडून आलंय. तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी. तुझ्यात असेल, तर श्रियाचंही तसंच.

तपासणी करायची की नाही, हे तुम्ही ठरवा. न करणंही चूक नाही. रुपेश म्हणतो, अंश मोठा होऊन त्याचं तो ठरवील. फोनवर सांगायला घेतलं की तू श्रियाच्या लग्नाच्या हॉलचं बोलायला लागायचास, आणि मी म्हणायचे, वा, छान आहे हॉल. लग्नाआधी सांगावं की नंतर, मला ठरवता येईना. तुला न कळवता ते ठरवायचा हक्कही मला नाही.

लगेच फोन करू नकोस. आधी वहिनीजवळ बस.

तुझ्या घरात हे आणणारी,
तुझीच,
शर्वाणी