साबणाच्या कुरड्या

१६ एप्रिल, बुधवार

फेकली! दाढीच्या क्रीमची ट्यूब फेकली याईनं! डाव्या हातानं, अशी की दारातल्या पाण्याच्या गुंडावर जाऊन आपटली. एवढा जोर आहे हातात, अन् डॉक्टर म्हणते अशक्तपणा आहे!

मी काय वाईट करून राह्यलती? तोंड ओलं केलं, क्रीमचा फेस काढला, म्हटलं, 'शहाण्यासारखं इकडं पाहा बरं.' तं मान भिंतीकडं. फेस सगळा उशीले. मंग कपाटावरची वाटी दाखवून राह्यले — दाढीच्या गोल साबणाची, प्लास्टिकची. रिकामी. लकव्यानं उजवं अंग गेलं त्याच्या आधीच तो साबण सरला होता. 'साबण पायजे?' म्हटलं. 'हूं.' 'अवो, हे साबणच तं आहे!' 'नाई.'

दोनच शब्द उरले या माणसाजवळ. त्यातला 'नाई' सगळा माह्या वाट्याले आला.

१७ एप्रिल

नयनले फोन लावला. लेक आपला, पुण्याले राह्यते. या ट्यूबा त्यानंच पाठवल्या, खोकंभर. थंड वासाच्या. मी सगळं सांगतलं तं म्हणे, 'आई, सेम आहे गं. साबण काय अन् क्रीम काय.' म्हटलं, बाबू, सेम असतं तं तुह्या बापानं फेकलं कायले असतं? म्हणे, 'मग ट्रिमर पाठवतो.'

सगळं पाठवते हा पोरगा. सोता तेवढा येत नाई.

१९ एप्रिल, शनिवार

मारोती न्हाव्याले घरी बोलावलं. त्यानं पिशवीतून फेसाचा डबा काढला, फुस्स केलं — याईनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. मारोती बिचारा हातात फेस घेऊन उभा. कितीदा विनवलं. मी विनवलं, त्यानं विनवलं. चादर काही खाली आली नाई.

जाताना म्हणे, 'काकू, नसन पायजे तं राहू द्या ना. दाढी चांगली दिसते काकाजीले. एकदम महाराजावानी.'

महाराज! अरे, वावरात पऱ्हाटी डवराले जाणारा माणूस दाढी करून जाये. लग्नाआधी मले पाह्याले आले तेव्हा माह्या मावशीनं एवढंच सांगतलं होतं की पोरगा गुळगुळीत आहे. अन् आता गालावर पांढरं रान. आधी निदान खुर्ची दारापुढच्या ओट्यावर टाकली की घडीभर बसत. दाढी वाढली तसे बाहेर यायचेच बंद झाले. कोणी भेटाले आलं की तोंड भिंतीकडं. लोकाईले वाटते माणूस झोपला. मले माहीत आहे, डोळे टक्क उघडे असतात.

लकव्यानं अर्धा नेला. उरलेला अर्धा असा भिंतीत जाऊन राह्यला, अन् मी पाहत बसू? नाई जमणार.

२० एप्रिल

बेबीताई आलती — माही मोठी जाऊ, भिंतीले भिंत आहे आमची. गच्चीही एकच. बसली, चहा पेली, अन् म्हणते, 'राहू दे वं वच्छला. कोन पाह्यते आता त्याईच्या तोंडाकडं?'

मी नाई का पाहून राह्यली? मी कोणी नाई का? बोलली नाई तिले. चहाचा कप जरा जोरात ठेवला.

२१ एप्रिल, सोमवार

महागावले गेलती, याईले बेबीताईच्या भरोशावर ठेवून. साबण आणाले. आमच्या फुलसावंगीत तं नाईच भेटत, म्हटलं तालुक्याच्या गावी भेटन.

दुकानवाला अय्याजभाई म्हणे, 'भाभी, वो गोल साबन अब आताच नाई. कोई मांगतच नाई.' मी मांगून राह्यली ना! तं हसते. 'एक भाभी के लिए कंपनी थोडी चलेगी.' अन् काय काढलं पुढं? ट्यूब! दुसऱ्या दुकानात ट्यूब. तिसऱ्यात ट्यूब, अन् वरून 'यावर कंगवा फ्री आहे मावशी.' केस कोणाचे विंचरू तुह्या कंगव्यानं?

येताना एसटीत खिडकीचं लोखंड तव्यासारखं तापलेलं. त्याच्यापेक्षा मी तापलेली.

२२ एप्रिल

एक गोष्ट सापडली!

ती फेकलेली ट्यूब खाटेखाली गेलती, झाकण निघालेलं. आज झाडताना भेटली. तोंडाशी आलेलं क्रीम वाळून टणक झालेलं, खडूसारखं. नखानं खरवडलं, ओल्या बोटावर घासलं — फेस! चांगला दाट फेस! म्हणजे यातलं पाणी गेलं की साबणच राह्यते खाली. मंग आम्ही दुकानं कायले फिरून राह्यलो? फुलसावंगीचं ऊन आहे, ट्यूबा खोकंभर आहेत. मीच बनवीन.

२३ एप्रिल

स्टीलच्या वाटीत अख्खी ट्यूब पिळली, उन्हात ठेवली. दुपारी पाह्यलं तं वरून कडक. खूश झाली. बोट दाबलं तं बोट आत! खाली सगळा गिळगिळा. वरची साय उन्हाले आडवी होते अन् आतलं सुकू देत नाई.

२४ एप्रिल

गॅसवर आटवाले गेली. काय बुद्धी झाली देव जाणे. फुगलं, फुगलं, अन् उतू गेलं! बर्नर बुजला. सगळ्या घरात तो थंडा वास. वरणालेही लागला. हे पहिला घास घेऊन माह्याकडं असे पाहून राह्यले की मीच लाजली. म्हटलं, 'तुमच्याच दाढीपायी होऊन राह्यलं हे सगळं, मुकाट्यानं गिळा.' गिळलं.

२६ एप्रिल, शनिवार

जाड थर सुकत नाई, हे मले कळाले पायजे होतं. इतकी वर्षं कुरड्या करून राह्यली मी! चीक परातीत ओतून ठेवला तं वाळते का? सोऱ्यातून बारीक पाडाव लागते, तेव्हा वारा लागते त्याले. अन् ट्यूब म्हणजे दुसरं काय आहे, सोऱ्याच तं आहे!

गच्चीवर प्लास्टिक अंथरलं, अन् पिळत गेली. गोल, गोल, वळश्यावर वळसा. खोक्यातल्या अर्ध्या ट्यूबा सरल्या. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. खऱ्या कुरड्या एवढ्या सुबक कधी आल्या नाई माह्या हातच्या. खाली येऊन याईले सांगतलं, 'साबण होऊन राह्यला तुमचा.' 'हूं' म्हणाले. पण तोंड भिंतीकडंच.

२९ एप्रिल

गच्चीवर गेली. प्लास्टिक आहे, कुरड्या नाई! वाऱ्यानं नेल्या म्हणाव तं प्लास्टिकवर गोटे तसेच ठेवलेले. कावळ्यानं नेल्या तं फेस आला असन त्याच्या तोंडाले. कोण नेते असं काही? कोणाले काय कराचं आहे साबणाचं?

३० एप्रिल, अक्षयतृतीया

समजलं कोणं नेल्या!

दुपारी आम्ही जेवून राह्यलो होतो अन् भिंतीपलीकडून बेबीताईची किंकाळी. मले वाटलं गॅसचा भडका झाला. धावली. तं कढईतलं तेल फसफस करून ओट्यावर, ओट्यावरून खाली, अन् बेबीताई झारा घेऊन दारात. तिच्या कुरड्या गच्चीवर वाळत होत्या, त्या गोळा करताना माह्याही गोळा केल्या बाईनं! एकाच डब्यात! सणाले पाहुणे आले, डबा काढला, तळाले घेतल्या.

तिचा व्याही, पुंडलिकराव, पाटावर बसलेला. पहिल्या घाण्यातली एक त्याच्या ताटात गेलती. भला माणूस. अर्धी खाल्ली त्यानं. मले विचारते, 'वहिनी, पुदिना टाकला काय जी हिच्यात?'

मले हसू आलं, ते चुकलंच. बेबीताई पेटली. 'तुह्या नवऱ्याच्या दाढीपायी माह्या व्याह्याले मारतं काय?' म्हटलं, माह्या प्लास्टिकवरचं उचलाले तुले कोणं सांगतलं होतं? 'कुरडईसारखं पाडाले तुले कोणं सांगतलं होतं?' पुंडलिकराव दोघींच्या मधात पाणी पिऊन राह्यले, अन् जेवढं पाणी पेये तेवढा फेस.

सणाच्या दिवशी असं तोंड वाजवलं आम्ही. पण मी माफी मागणार नाई. माही मेहनत तळून टाकली तिनं. डब्यात वाचल्या त्या वेचून आणल्या. वास घेऊन घेऊन वेचाव लागल्या.

२ मे

गावभर झालं. पाण्याच्या टाकीजवळ एक पोरगी मले विचारते, 'काकू, साबन तळता म्हणे तुम्ही?'

४ मे

अवकाळी पाऊस. वेचून आणलेल्या कुरड्या पुन्हा वाळत टाकल्या होत्या. गच्चीवर धावली तोवर सगळं भिजलं. रडली मी आज. साबणासाठी रडली, या वयात.

५ मे

रडून काय होते! उरलेल्या ट्यूबा पिळल्या. या वेळेस स्वयंपाकघराच्या पत्र्यावर, माह्या डोळ्यापुढं. खुर्ची टाकून राखण बसली. बेबीताई भिंतीवरून पाहे अन् आत जाये.

नयनचा फोन आला. 'आई, तू एवढा त्रास का घेतेस? बाबांना सवय होईल क्रीमची.' म्हटलं, सवय त्याईले करून घ्यावच लागून राह्यली आहे रे बापा, उठाची, बसाची, चमच्यानं खायाची. एक गोष्ट तं त्याईच्या मनासारखी होऊ दे! मंग म्हणे, 'येतो मी.' पाहू.

७ मे

खणखणीत वाळल्या. कटकन मोडतात! खलबत्त्यात कुटल्या, पीठ झालं. त्याच्यावर गरम पाण्याचे चार शिंतोडे देले, मळलं, अन् याईच्या त्याच जुन्या वाटीत गच्च दाबून बसवलं. वरून पेल्याच्या बुडानं गुळगुळीत केलं. आता सुकू द्याव लागन.

भेव एकाच गोष्टीचं. वास तोच आहे, थंडा. ट्यूबचा. तो काही गेला नाई. याईले वासच आवडत नसन तं माही सगळी मेहनत पाण्यात.

९ मे, शुक्रवार

झाला साबण. वाटी उलटी केली तं पडत नाई, बोट दाबलं तं खळगा पडत नाई. दुकानात मांडला असता तं अय्याजभाईही फसला असता!

सकाळीच घेऊन गेली. टॉवेल गळ्यात बांधला, ब्रश ओला केला, अन् अंगणवाडीत नोकरीले होती तेव्हा लेकराईले म्हणत होती तशी म्हटलं, 'चला, आता कोण शहाणं आहे?' याईनं वाटी पाह्यली. नाकाशी नेली. मी ब्रश पुढं केला —

माह्या हातातून ब्रश ओढून घेतला! अन् माहा हात बाजूले केला. असा, मनगटानं ढकलून. वाटी दोन गुडघ्याच्या मधात धरली अन् डाव्या हातानं ब्रश फिरवाले लागले. फिरवत राह्यले, फिरवत राह्यले. फेस आला. सोताच लावला — कानाले, नाकाले, सगळीकडं. मी रेझर धरून उभी. म्हटलं, 'द्या, आता मी करीन.' 'नाई.' रेझरही घेतला. आरसा माह्या हातात देला, धराले. तेवढ्याच कामाची मी!

वाकडीतिकडी झाली दाढी. हनुवटीले चीर पडली, उजव्या कानाखाली बोटभर रान राह्यलं, ते मले काढू देलं नाई. मंग खुर्चीकडं हात दाखवला अन् दाराकडं. ओट्यावर नेऊन बसवलं. बेबीताई दारात आली, म्हणे, 'भाऊजी! चांगले दिसून राह्यले!' याईनं मान डोलावली, जसा काही बाजीराव.

अन् मी? मी आत येऊन भांडे आपटले. उन्हात भाजली मी, जावेशी तोंड वाजवलं, गावात हसू करून घेतलं, अन् माहा हातच नको! म्हणजे क्रीम नव्हतं नको, मीच नको होती. एवढा राग आला की वरणात मीठ दोनदा पडलं. तेही खाल्लं याईनं गुमान.

१० मे

हनुवटीच्या चिरेले मलम लावाचं होतं. माह्या एका हातात कापूस, म्हणून दुसऱ्या हातानंच मलमाच्या ट्यूबचं झाकण फिरवून पाह्यलं. फिरेच ना. झाकणासंगं ट्यूबच फिरे. छातीशी दाबली, दातात धरली. मंग हात तिथंच थांबला.

अडचण वासाची नव्हती. जुन्या साबणाचा हट्ट नव्हता. मीही नको नव्हती. याईले आपली दाढी आपल्या हातानं कराची होती, एवढंच. ट्यूबले दोन हात लागतात. वाटी गुडघ्यात धरली की एक पुरते.

'मंग सांगाचं नाई का मले!' केवढ्यानं वरडली मी.

वरडल्यावर समजलं, दोन शब्दाच्या माणसाले काय बोलली ते. हे माह्याकडं पाहून राह्यले, अन् हसले. अर्ध्याच तोंडानं, पण खदखदा.