ए, जा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून ही डायरी इंग्रजीऐवजी मराठीत. कारण फिफिता वाचतो! काल माझी वही हातात घेऊन म्हणाला, तुझं अक्षर छान आहे. आता वाच म्हणावं.

टोंगा बेटांवरचा हा पहाडासारखा माणूस चोवीस तास माझ्यासोबत. मिशनरींनी जोडीनेच राहायचं, चर्चचा नियम. त्याचं घोरणं, त्याचं गाणं, सगळं माझ्याच नशिबी!

सोमवार म्हणजे सुट्टी — धुणं, आणि घरी फोन. आई तिकडे समुद्रापार, युटात खूश. "पुण्याची मराठी शिकवून पाठवलंय, माझ्या लेकाला काय अडणारे?" कपाळ! अमरावतीत 'कावून' म्हणजे 'का' हे कळेपर्यंत मी नुसता मान डोलवत होतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रस्त्यावर प्रचार करायचा नाही. कुणाचं दार वाजवायचं नाही. बोलावलं तरच जायचं. आणि बोलावतंय कोण? दिवसभर खोलीत बसून फिफिताचं तोंड बघायचं!

आज मात्र कमलाकांत वकिलांनी घरी नेलं. आम्ही चहा घेत नाही (तोही चर्चचाच नियम) म्हटल्यावर दूध दिलं, गिला वडा दिला, देवावरून तासभर भांडले. फार बरं वाटलं. निघताना दारात उभे राहून म्हणतात काय, "ए, जा!"

मी पायरीवरच थिजलो. खाऊ घालून हाकलायचं? फिफिता म्हणाला, पण ते हसत होते. मी म्हटलं, मराठी तुला येते की मला?

शनिवार, ८ फेब्रुवारी

रसवंतीवालासुद्धा! "ए, जा." हद्द झाली.

सोमवार, १० फेब्रुवारी

आजचं लिहायचं नव्हतं. पण झोप येत नाही.

गल्लीच्या टोकाला पार्बताबाई राहतात, एकट्याच. त्यांचा गॅसचा सिलिंडर फिफिताने एका हाताने वर नेला. त्यांनी आत बोलावलं, ताक दिलं. भिंतीवर मुलाचा फोटो, हार घातलेला. अंकुर. तिवशाच्या रस्त्यावर ट्रकने उडवला, गेल्या दिवाळीत.

आमच्याबद्दल त्यांनी काहीतरी ऐकलं होतं. ताकाचे पेले उचलता उचलता मध्येच थांबल्या.

"तुमच्यात मनतात ना, मेल्यावर घरची मानसं भेटतेत? मंग माहा अंकुर मले भेटन का?"

हो! एवढंच सांगायला तर मी समुद्र ओलांडून आलोय. बाबा गेले तेव्हापासून मी स्वतः याच एका 'हो'वर उभा आहे. तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. डोळ्यांना पदर लावला.

"आज नको सांगू बाप्पा. आज मले आयकवनार नाई. ए, जा."

दार लावून घेतलं.

मला रडू आलं, मग राग आला. विचारायचं कशाला मग?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

फिफिताचं एकच पालुपद — त्या बाईंकडे जाऊ. हाकललंय आपल्याला! नियम म्हणजे नियम.

सोमवार, १७ फेब्रुवारी

भांडण झालं. तो म्हणतो, ती बाई आपल्याला हाकलत नव्हती, रडत होती. म्हटलं, तू भाषा शीक आधी.

संध्याकाळी गल्लीतून येताना पार्बताबाई गॅलरीत उभ्या. आमच्याकडेच बघत होत्या, टक लावून. एवढा कसला राग? मी फिफिताला ओढून पलीकडच्या बाजूने नेलं. कालही उभ्या होत्या.

आईला फोनवर म्हटलं, मला परत यायचंय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बदली! दोघांची, अकोल्याला. मंगळवारी निघायचं. सुटलो एकदाचा या 'ए, जा'वाल्यांच्या गावातून!

मंगळवार, २५ फेब्रुवारी, सकाळी

बॅगा दारात. वरची खोली आम्हाला भाड्याने देणाऱ्या नसीमबानो खाली डबा घेऊन उभ्या होत्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "अकोला काई दूर नाई बेटा. ईदेले येजा हां. दोघंबी येजा, शीरखुर्मा खायले."

येजा.

मी विचारलं, काय म्हणालात? त्या हसल्या. "येजा मनलं. येजा, बसजा, खाजा."

ये-जा नाही. ए, जा नाही. येजा. या म्हणजे! पुन्हा या!

आई गं.

बॅगा तिथेच टाकून गल्लीच्या टोकाला पळालो. फिफिता धापा टाकत मागे. आता कुठे तो जिना चढतोय, मी पायरीवर बसून हे खरडतोय, कारण दार वाजवायला हात होत नाही.

मंगळवार, रात्री

एसटी चुकली. उद्या जाऊ.

पार्बताबाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, आलो. त्या अजिबात रागावल्या नाहीत.

"रोज वाट पाह्यली गॅलरीत. तुमी आलेच नाई. मंग मले समजलं — मेल्यावर माहा अंकुर भेटत नसन. तुमा पोट्ट्याईले मले तोंडावर सांगवलं नसन, मनून नाई आले."

फिफिताने विचारलं, काय म्हणाल्या? मला भाषांतर करता येईना.