परत येणाऱ्या मुलींच्या कादंबऱ्या

लाडके ठमे,

चर्चच्या वाचनालयात माझी खोड अजून तीच आहे. कुणी म्हटलं, "बाई, घरातलं, प्रेमाचं, विश्वास वाढवणारं काहीतरी द्या," की आधी शेवटचं पान वाचते, मगच कादंबरी हातात ठेवते. तू भांडून घर सोडलंस, चर्चही सोडलंस, तेव्हापासून तुला पाठवलेल्या कादंबऱ्या अशाच निवडल्या. एकीत दीपगृहवाल्याची मुलगी वादळात घरी येते, दुसरीत बेकरीवाल्याची धाकटी बापाच्या आजारपणात. तिसरीतली शिवणकामवाली तर शेवटच्या ओळीत आईचं दार वाजवते. मी ढसाढसा रडले होते.

तू फोनवर म्हणालीस, "आई, सगळ्या सारख्याच आहेत गं." मला राग आला. म्हटलं, वाचायला नको, नुसती नावं ठेवायला हवीत!

काल घड्याळवाल्याची बायको आली. "मुलीशी बोलणं तुटलंय," म्हणाली. "आईच उठून मुलीकडे जाते, अशी कादंबरी आहे का हो?"

सगळी कपाटं पालथी घातली. एकही नव्हती. कादंबऱ्या मीच मागवते ना!

घरी येऊन तुझ्याकडे यायला पिशवी भरली. मागे परत आलेलं कादंबऱ्यांचं पार्सल, तूच नाकारलंस असं समजून, मी रागाने माळ्यावर फेकलं होतं. पत्ता बघायला ते काढलं, तर पोस्टाने वर लिहिलंय, 'घर सोडून गेले.' कुठे, ते लिहिलेलं नाही. तुझा नंबरही लागत नाही.

पिशवी दारात भरून ठेवली आहे, ठमे. कुठे येऊ?

शेवटचं पान आधी वाचणारी,
तुझी आई