तीन चिठ्ठ्या

सोमवार, २ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे! मी, खारू, तीन बॅगा आणि तुळतुळीत पानांची एक कुंडी. ती कुंडी खारूने सबंध प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नाही. खारू म्हणजे माझी आठ वर्षांची लेक. पेन्सिली कुरतडते म्हणून खारू. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं.

माझ्या नव्या नोकरीचं संग्रहालय बंदराच्या टोकाला, मिठाच्या जुन्या गोदामात आहे. तीन दालनं, भिंतींना अजून खारट ओल. साहेब बोलतात कमी, मान जास्त हलवतात. शिपाईमामा मात्र दोघांचंही बोलून घेतात. राहायला घरमालकीण काकूंच्या वरच्या दोन खोल्या. काकूंनी आल्या आल्या खारूला जवळ घेतलं. म्हणाल्या, या घरात फार दिवसांनी पोराचा आवाज आला. मला एकदम बरं वाटलं. दोघीच असलो तरी इथे निभेल आपलं.

बुधवार, ४ नोव्हेंबर
पहिलं काम ठरलं. एका पेटीत गावातल्या लोकांचे शंभरेक जुने फोटो पडून आहेत, पण कोण कोणाचं ते माहीत नाही. दर रविवारी दुपारी ते टेबलांवर मांडायचे, गावाला बोलवायचं आणि ओळखायला सांगायचं. ओळख पटलेले फोटो पाटीसकट भिंतीवर.

नियम माझे. एकमेकांशी न बोलता तीन जणांनी तीन चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिलं, तरच पाटी लागेल. पाटी काढायची तरी तीनच चिठ्ठ्या. नाव पूर्ण हवं, लाडाचं चालणार नाही. साहेबांनी खूश होऊन नियम दाराशी लावायला सांगितले. मामांनी चारही कोपऱ्यांत खिळे ठोकले.

रविवार, ८ नोव्हेंबर
चाळीस माणसं आली! चहा होईपर्यंत अकरा फोटोंना नावं मिळाली. एवढ्या झटपट? कुठेतरी पाणी मुरतंय. कोणी अडखळत नाही, कोणाचं चुकत नाही. मी जात्याच संशयी. दादा म्हणतो, ही आरशाकडेसुद्धा ओळखपत्र मागेल. मागेन. नवीन बाईला गुंडाळायचा बेत असेल, तर मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

रविवार, १५ नोव्हेंबर
आज सापळा लावला. दादाने गेल्या वर्षी काढलेला खारूचा फोटो तपकिरी रंगात छापून घेतला आणि गुपचूप जुन्यांत मिसळला. झोपाळ्यावर बसलीय, मान तिरकी, हनुवटीवर टाक्यांची खूण. याला कोणी नाव दिलं की चोरी उघड!

संध्याकाळी चिठ्ठ्यांची पेटी उघडली. तीन चिठ्ठ्या, तीन वेगळी अक्षरं, एकच नाव. नाव इथे लिहवत नाही. खाली तिघांनीही लिहिलंय, 'होडीवाल्याची धाकटी'.

मामांना विचारलं. म्हणाले, ती पोर चाळीस वर्षांपूर्वी समुद्रात गेली, आठ वर्षांची होती, सापडलीच नाही. तिची आई आहे अजून, होडीवाली आजी. माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. पण मी आपली मनातल्या मनात टाळ्या पिटत होते. सापडले की नाही!

सोमवार, १६ नोव्हेंबर
साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, पाटी सकाळीच लावली. अहो, ती माझी मुलगी आहे, म्हटलं. तर म्हणाले, मग तीन चिठ्ठ्या आणा.

थट्टा करताहेत असं वाटून मी हसले. ते हसले नाहीत.

गुरुवार, १९ नोव्हेंबर
होडीवाली आजी रोज येते. फोटोसमोर स्टूल घेऊन बसते. रडत नाही, विणत बसते. आज तिने आपणहून सांगितलं, हनुवटीला चार टाके पडले तेव्हा मी तिचा डावा पाय घट्ट धरून बसले होते.

डावा पाय मी धरला होता. खारू न्हाणीघरात घसरली तेव्हा. चारच टाके. हे मी जन्मात कोणाला सांगितलेलं नाही. खारू शपथेवर सांगते की तीही बोलली नाही. मग काकूंनी आमच्या खोलीत शिरून ही रोजनिशी वाचली? पण यात ते कुठे आहे? आत्ता लिहितेय तेवढंच.

दाराला दुसरं कुलूप आणलं.

शनिवार, २१ नोव्हेंबर
खारूने तीन दिवसांत एकही पेन्सिल कुरतडलेली नाही. घरातल्या सगळ्या दोऱ्यांना गाठी मारून ठेवल्यात. परकराच्या नाडीलासुद्धा. होडी बांधायच्या गाठी, मामा म्हणाले. कोणी शिकवल्या विचारलं, तर तिलाच नवल वाटलं.

शाळेत गेले. बाई म्हणाल्या, हिला सकाळी आजीच सोडते की. काहीतरीच! मी सोडते रोज. हात धरून. फाटकापर्यंत.

सोडते ना मी?

दुपारी जेवताना खारूने विचारलं, आईकडे कधी जायचं. मी म्हटलं, अगं, मी काय मेले का. ती म्हणाली, तसं नाही.

सोमवार, २३ नोव्हेंबर
फोटो उतरवला. मामांनी हातातून अलगद काढून घेतला, परत लावला आणि दाराकडे बोट दाखवलं. माझे नियम. माझंच सारं शहाणपण.

ठीक. तीन चिठ्ठ्या हव्यात ना? एक माझी, एक दादाची. फोटो त्यानेच काढलाय. तिसरी काकूंची, त्यांनी तर पहिल्याच दिवशी जवळ घेतलं होतं.

काकू गोंधळल्या. पाणी दिलं. म्हणाल्या, बाई, तुम्ही एकट्याच आलात की. कुंडी तुमच्याच हातात होती.

मंगळवार, २४ नोव्हेंबर
दादाचा फोन. आधी विचारलं, अगं, जेवतेस ना नीट. झोपाळा आपलाच आहे म्हणाला, पण पोरगी कोणाची —

खारू शाळेतून घरी आली नाही. आजीच्या दाराशी उभी होती. मी हाक मारली. बघितलं, पण नावाला बघावं तसं. मला मॅडम म्हणाली. काही हवंय का मॅडम, म्हणाली.

आजीने आत घेतलं तिला. माझ्यावर रागावली नाही म्हातारी. तेच सहन होत नाही.

बुधवार, २५ नोव्हेंबर
साहेबांना दया आली. एका चिठ्ठीवरही विचार करू म्हणाले. आईची चिठ्ठी आहे, वजन असतंच. फक्त नियमाप्रमाणे. पूर्ण नाव. लाडाचं नको.

कोरी चिठ्ठी पुढ्यात आहे.

सगळी पानं उलटून पाहिली. खारू. खारू. सगळीकडे खारूच. एकदा तरी लिहायचं होतंस गं बाई! एकदा!

नाव मीच ठेवलं होतं. माझ्या आईला आवडलं होतं. तीन अक्षरं. नाही, दोन. पहिलं अक्षर वळणाचं होतं, ती ते उलटं काढायची, मी हात धरून गिरवून घ्यायचे — हात आठवतोय, पेन्सिल आठवतेय —

मामा कुलूप घेऊन उभे आहेत. दोन मिनिटं म्हटलं. जिभेवर आहे. आत्ता येईल.

मुलीचं पूर्ण नाव :