जांभयांचा रकाना

प्रिय ठकू,

परवा प्रयोगशाळेतली माझी खोली रिकामी करून दिली. मेंदूच्या चित्रांचे खोके विभागाने ठेवून घेतले. खुर्ची तर त्यांचीच होती. माझ्या वाट्याला एक हिरवी वही आली, तुझी. तू अकरा वर्षांची असताना तुझ्या डोकेदुखीच्या नोंदींसाठी मी ती आखून दिली होती: तारीख, वेळ, दुखणारी बाजू, तीव्रता. अर्धशिशीच्या रुग्णांकडून चाळीस वर्षे मी अशाच वह्या भरून घेतल्या. नियम एकच: विचारले तेवढेच लिहायचे.

तो नियम तू मोडलास. समासात पट्टीने पाचवा रकाना आखून वर लिहिलेस, 'जांभया'. दुखण्याच्या आदल्या दिवशी नऊ, चौदा, अकरा. मी तांबड्या शाईने तो रकाना खोडला आणि शेरा मारला: 'असंबद्ध. आळस आणि आजार यांत गल्लत नको.' तुझी आई ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "अहो, पेशंट नाही ती, पोर आहे तुमची. जगाची डोकी तपासता, घरातल्या डोक्याचं कधी ऐकाल?" मी तिच्याकडे पुरावा मागितला. त्यानंतरची पाने कोरी आहेत; त्यावरून तुझे दुखणे थांबले, असे मी धरून चाललो. नोंद नाही म्हणून घटनाही नाही, असे अनुमान एखाद्या विद्यार्थ्याने काढले असते, तर मी त्याला वर्गाबाहेर घालवले असते.

बावीस वर्षांनी आम्ही काही रुग्णांचे मेंदू रोज, सलग महिनाभर यंत्रात पाहिले. ठणका सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच, मेंदूच्या तळाशी झोप आणि भूक सांभाळणाऱ्या इवल्याशा भागात हालचाल वाढलेली दिसली. त्याच दिवशी त्या रुग्णांना जांभयांवर जांभया येत. त्यावरचा शोधनिबंध मी परिषदेत वाचला तेव्हा सभागृह उठून उभे राहिले. तुझा उल्लेख मी केला नाही. विसरलो, असे लिहिणे सोयीचे आहे; ते खरे नाही. व्यासपीठावर उभा असतानाच मला ती हिरवी वही आठवली होती.

गेल्या रविवारी तू लेकीला माझ्याकडे सोडून कामाला गेलीस. बुद्धिबळ खेळताना तिने तेरा जांभया दिल्या. मी मोजल्या, सवय जात नाही. विचारले, "डोकं दुखतं का गं तुझं कधी?" प्यादे हातात तसेच धरून ती म्हणाली, "आईनं सांगितलंय, आजोबांना सांगायचं नाही. ते खोडतात." मग म्हणाली, "तुमची चाल आहे."

हे पत्र त्यासाठी. सोमवारी तिचे डोके दुखले असणार. दुखले का, हे विचारण्याचा अधिकार मी गमावला आहे, म्हणून विचारत नाही. मी तिला तपासणार नाही. माझ्या विभागातली एक डॉक्टर आहे, ती आधी ऐकते आणि मग लिहिते. तिचा पत्ता या पत्राच्या मागे दिला आहे. तुझी वही परत पाठवतो. खोडलेल्या रकान्याखाली त्याच शाईने लिहिले आहे: 'निरीक्षण बरोबर. परीक्षक चुकला.' तेवढ्याने तू अंधाऱ्या खोलीत एकटीने काढलेले दिवस भरून निघत नाहीत, हे मी जाणतो. सोबत लेकीसाठी दुसरी वही आहे. तिच्यात मी एकही रेघ आखलेली नाही.

तुझाच, उशिरा वाचायला शिकलेला,
बाबा