डोहाचा पत्ता

२० एप्रिल, शनिवार
घरून ५.२५ ला निघालो, नदीवर ६.४०. पाणी ५२ अंश फॅरनहाइट. दोन ट्राउट मासे, दोन्ही परत पाण्यात सोडले.
आज वॉल्टरने (यापुढे वॉ.) पुलाखालच्या आमच्या नेहमीच्या जागेवर थांबू दिले नाही. काही न सांगता वीस मिनिटे झुडपांतून चालवले आणि एका डोहापाशी आणून उभे केले. वर सिकॅमोरच्या झाडाची सावली, पाणी काळसर, संथ. चाळीस वर्षे तो इथे येतो. "डोंट टेल पीपल," एवढेच म्हणाला. तीन वर्षांच्या ओळखीत त्याने मला केलेली ही पहिली सूचना.
(चूक. पहिली सूचना 'धप्पकन पाय टाकू नकोस' ही होती.)

११ मे, शनिवार
५७ अंश. एक मासा, वॉ. ला तीन.
दोऱ्याची गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी लागते. त्यासाठी मी पाण्याची स्वतंत्र बाटली बाळगतो. वॉ. ने आज ती पाहिली. तो गाठीवर सरळ थुंकतो. दोन मिनिटे हसत होता. मासे पळाले असणार. पण नंतर स्वतःची गाठ माझ्यापुढे धरून म्हणाला, "युअर वॉटर, सर." बाटलीतले थोडे ओतले.

१० ऑगस्ट, शनिवार
७१ अंश. ६८ च्या वर मासा दमतो, सोडला तरी वाचेलच असे नाही. म्हणून गळ टाकायचा नाही. दोघेही काठावर नुसते बसलो. त्याला सांगितले, आमच्याकडेही या महिन्यात मासे बंद असतात, श्रावण म्हणतात.
"सेन्सिबल पीपल," म्हणाला. सौ. ला घरी हे सांगितले. तिला फार आवडले.

१४ सप्टेंबर, शनिवार
इथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती. जेवताना नीलावहिनी समोर. "काय भाऊजी, दर शनिवारी गायब! दुसरं घर-बिर केलंय की काय?" सगळे हसले. सौ. सर्वांत मोठ्याने.
मी फोनवर डोहाचा मे महिन्यातला फोटो दाखवला. मग कोणी तरी "कुठे हो हे?" म्हणाले, आणि मी सांगितले. हायवेचा कोणता एक्झिट, किती मैल, पुलाअलीकडे सहा गाड्या राहतात, तिथून वीस मिनिटे. सहा गाड्यांचे कोणी विचारले नव्हते.

२८ सप्टेंबर, शनिवार
नऊ गाड्या.
१०.२० ला झुडपांतून आवाज आले. "सरप्राइज, भाऊजी!" मंडळाची सहल. मोजले: एकतीस माणसे, घडीच्या खुर्च्या, एक स्पीकर, दोन कूलर. वहिनींनी सतरंजी अंथरून मोठ्या पातेल्यात भेळ कालवायला घेतली. माझ्या छंदाचे कौतुक म्हणून एवढ्या लांब आले सगळे. रागावणार कोणावर?
वॉ. गुडघाभर पाण्यात होता. दोरा गुंडाळून बाहेर आला. वहिनींनी त्याच्या हातात पेपर प्लेट दिली. "खा हो, तिखट नाही केलेली," चक्क मराठीत. त्याने उभ्याने सगळी भेळ खाल्ली. प्लेटची घडी करून खिशात ठेवली. "नाइस फोक्स," मला म्हणाला, आणि चढ चढून गेला.
मी मागे गेलो नाही. हातात डाव होता, पुढे प्लेटांची रांग.
वहिनी: "गोड माणूस आहे हो तुमचा गोरा."

१९ ऑक्टोबर, शनिवार
५४ अंश. चार मासे, माझा उच्चांक. वॉ. नाही. ५ तारखेला नव्हता, १२ तारखेलाही नव्हता. वाट बघत पुलाखालीही तासभर उभा राहिलो.
तीस वर्षे ऑडिट केले. क्लायंटचे नाव कधी घरातही उच्चारले नाही. आणि इथे एका मोदकावर...
सौ.: "अहो, फोन करा ना त्याला."
"नंबर नाही."
"आडनाव?"
"विचारले नाही."
"तीन वर्षं बोलत काय होता मग?"
फारसे बोलत नव्हतो, हे तिला पटवता आले नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार
वॉ. ला पत्र लिहिले. तीन परिच्छेद. सौ. ने वाचून परत दिले. "हा रिपोर्ट झाला. सॉरी कुठाय यात?"
"तिसऱ्या परिच्छेदात."
पहिले दोन काढले. उरलेले लॅमिनेट करून डोहाजवळच्या सिकॅमोरला सुतळीने बांधले.
संध्याकाळी वहिनींचा फोन. सौ. ने सांगितले असावे. "भाऊजी, तेव्हाच बोलायचं नाही का? आम्हाला काय कळतंय माशांचं! ग्रुपवरून लोकेशन काढलंय मी." पण कोणाच्या लक्षात राहिले असेल तर, असे मी विचारले. "आमच्यातलं कोण एवढ्या पहाटे उठतंय, यार!" त्या रडवेल्या झाल्या होत्या. त्यांनाही सॉरी म्हणालो. हे तोंडी जमले.

१८ जानेवारी, शनिवार
बर्फ घोट्याच्या वर. गळाची काठी नेली नव्हती. सिकॅमोरवर पत्र नाही, सुतळीही नाही. वाऱ्याने गेले असते तर सुतळी राहिली असती, असे सौ. चे म्हणणे. माझी गाठ इतकी भक्कम असते असे मला वाटत नाही.

१२ एप्रिल, शनिवार
हंगामाचा पहिला दिवस. काठावरूनच लिहितो आहे.
वॉ. आहे. ७.०५ ला मी पोचलो तेव्हा पाण्यात होता, माझ्याकडे पाठ. थोडा वाकला आहे, किंवा जाड कोटामुळे तसे दिसते. आधी उतरलेल्याने खूण केल्याशिवाय दुसऱ्याने त्याच्या पाण्यात उतरायचे नसते, म्हणून चाळीस फुटांवर दगडावर बसलो. तापमान घेतले नाही. माझी चाहूल त्याला लागली आहे. टोपी एकदा किंचित वळली. हाक मारावी असे दोनदा वाटले. आरडाओरडा पुरेसा झाला आहे इथे.
तो डोहाच्या वरच्या टोकालाच गळ टाकतो आहे. खालचे अर्धे पाणी त्याने पाऊण तासात एकदाही शिवलेले नाही. ते माझ्यासाठी ठेवले आहे, की आज तिथे मासा नाही, हे इथून ठरवता येत नाही.
८.१०. बसून आहे.