त्याची काहीच तक्रार नाही

३ ऑगस्ट
त्याला घरी आणून आठवडा होत आला आणि रोज रात्री आम्ही दोघं ढाराढूर! कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. चार महिन्यांचं बाळ आणि रात्रभर चकार शब्द नाही. दत्तक संस्थेतल्या ताई त्याला माझ्या हातात देताना म्हणाल्याच होत्या, "फार गुणी आहे हो, रडतच नाही." नवऱ्याने लगेच नाव ठेवलं — मौनीबाबा.

सासूबाईंचा फोन. "नशीब काढलंस गं! तुझ्या नवऱ्याने मला वर्षभर डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता."

नशीबच म्हणायचं. आठ वर्षं वाट बघितली, त्याचं व्याज मिळालं.

५ ऑगस्ट
रात्री पाणी प्यायला उठले, सहज पाळण्यात वाकले — डोळे टक्क उघडे! मूठ तोंडात, चोखतोय. आवाज नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा छताकडे बघायला लागला. घाईघाईने बाटली करून आणली तर घटाघटा संपवली. म्हणजे भूक होती. मग रडला का नाही?

आणि कधीपासून जागा होता?

६ ऑगस्ट
गजर लावून उठले. जागाच. नवऱ्याला हलवलं तर म्हणतो, "झोपेल गं तो, तूही झोप." आणि स्वतः झोपला!

८ ऑगस्ट
काही कळेनासं झालंय. सासूबाई म्हणतात झोपलेल्या बाळाला दुधासाठी उठवू नये. संस्थेत ठरल्या वेळी बाटली द्यायचे. पावडरच्या डब्यावर लिहिलंय, भुकेप्रमाणे द्या. डॉक्टर म्हणाले होते, "मागेल तेव्हा द्या." अहो, पण तो मागतच नाही! मग मी अंदाजाने करते. पाणी उकळा, निववा, पावडर घाला, हलवा, मनगटावर थेंब टाकून बघा — तोवर स्वारी झोपलेली. तासाभराने ते दूध ओतून द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. काल तिसऱ्यांदा ओतताना मोरीजवळ उभी राहून मीच रडले. घरात कोणीतरी रडायला हवंच ना!

१० ऑगस्ट
वजन केलं. काटा जागच्या जागी.

डॉक्टर — "रात्रीचं दूध नीट घेतो ना?"

मी हो म्हणाले. मग नाही म्हणाले. मग म्हणाले, "मला माहीत नाही." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. घाबरू नका म्हणाले, पण पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. रिक्षात नवरा वजनाचा कागद पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. बाळ मात्र मांडीवर शांत, बाहेरचे दिवे बघत होता.

१२ ऑगस्ट
ऑफिसातली मैत्रीण बाळाला बघायला आली. आम्ही दोघी शेजारी बसतो — पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचे फोन घ्यायला. ऑफिसच्या गप्पा सुरू झाल्या. म्हणे, उतारावरच्या गल्लीतून महिनाभर एकही फोन नव्हता. साहेब खूश! फाईलवर 'प्रश्न सुटला' लिहून मोकळे. परवा तिथलीच एक बाई बिल भरायला आली तेव्हा कळलं, नळ अजून कोरडाच आहे. "मग फोन का नाही केलात?" असं हिने विचारलं, तर ती म्हणाली, "करत होतो की. कोणी आलंच नाही, मग सोडून दिलं."

मैत्रीण हसत होती. मला हसू येईना. चहा तसाच निवला.

त्याच रात्री
सोडून दिलंय त्याने!

संस्थेच्या त्या खोलीत आठ पाळणे होते, मी स्वतः बघितलेत. रात्री एकच बाई. वाईट नव्हती ती, पण हात दोनच. रडला असेल. पुन्हा रडला असेल. रडलं तरी कोणी लवकर येत नाही हे एवढ्याशा जिवाला कळलं असेल. आणि आम्ही? साहेबासारखे खूश! तक्रारी ऐकण्यात माझी अर्धी नोकरी गेली आणि घरात मला एवढं कळू नये? माझी मलाच लाज वाटते आहे.

१३ ऑगस्ट
ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, होतं असं काही मुलांचं. तो नुसता हलला तरी जवळ जा. मूठ तोंडात गेली की जा. बाटली नेहमी कुशीत घेऊनच द्या.

मी विचारलं, "आणि कधी रडलाच नाही तर?"

"वेळ लागतो," म्हणाल्या. हे काय उत्तर झालं!

१५ ऑगस्ट
पाळणा आमच्या पलंगाला चिकटवला. अर्धी रात्र नवऱ्याचा पहारा, अर्धी रात्र माझा. सासूबाईंना सांगितलं तर कपाळाला हात लावला असणार, फोनवरही कळलं. "रडत नाही तर रडवायला निघालात? जगावेगळी तऱ्हा तुमची!"

कुशीत घेतलं की अंग ताठ करतो. दूध पितो, पण मान पलीकडे.

१८ ऑगस्ट
हलला, गेले. हलला, गेले. शिंकला — दोघंही धावलो आणि डोकी आपटली!

२१ ऑगस्ट
कसली आई मी? सगळ्या आया मूल गप्प व्हावं म्हणून झटतात आणि मी रात्रभर कान देऊन बसते, की आता रडेल, मग रडेल. नवरा म्हणाला, "कदाचित स्वभावच असेल त्याचा." असेलही. कोणाला माहीत? पण त्याला दुखलं, भीती वाटली, तरी तो असाच छताकडे बघत पडून राहणार का? मला कधीच हाक मारणार नाही? हे नवऱ्याला बोलले. मग उठून त्याने पाळण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच बसला.

२५ ऑगस्ट
वजन वाढलं! चांगलं वाढलं. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. नवऱ्याने येताना पेढे घेतले, वाटेतच दोन खाल्ले. मला आनंद झाला. झालाच. पण आज चारही वेळा दूध पिताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाटली त्याला कळली. मी कळले की नाही, कोण सांगणार?

२७ ऑगस्ट
बघितलं! बाटली तोंडात धरून, बराच वेळ. नंतर पुन्हा मान पलीकडे. मला नुसतं तसं वाटलं की खरंच बघितलं?

३० ऑगस्ट
काल माझ्या पहाऱ्यात मला झोप लागली. त्याने उठवलं! केवढं भोकाड — लालबुंद तोंड, मुठी आवळलेल्या, नवरा पलंगावरून पडायचाच बाकी. पळत जाऊन बाटली आणली तर हाताने ढकलून दिली. उचलून घेतलं, गप्प. खाली ठेवलं की पुन्हा भोकाड. दूध नकोच होतं त्याला.